अर्धी प्रदक्षिणा

१

सुंदरराव गुरुजींना पाण्यातून बाहेर काढणारा माणूस एकच होता आणि पोलिसांनी बेडी त्यालाच घातली. आपल्याकडे उपकाराची परतफेड एवढ्या तातडीने सहसा होत नाही.

माणसाचं नाव नवनाथ. माजलगाव धरणाचं पाणी जिथे जिभेसारखं आत घुसलं आहे, तिथे थर्माकोलच्या तराफ्यावर बसून तो मासे धरायचा. त्या सकाळी तो पाणकणसात पाठमोरा बसून जाळं ओढत होता. काठावर कुणीतरी ओरडलं, मग धप्प आवाज झाला. तराफा वळवून तो येईपर्यंत गुरुजी पालथे तरंगत होते आणि डोक्याची मागची बाजू फुटलेली होती. नवनाथने त्यांना खांद्यावर घेऊन वर आणलं. तेवढ्यात फिरायला आलेली मंडळी पोचली. त्यांनी रक्ताने माखलेला नवनाथ पाहिला आणि विचार करण्याचे कष्ट वाचवले.

शिवाय भांडण जुनंच होतं. गुरुजी, म्हणजे निवृत्त मुख्याध्यापक, फिरायच्या वाटेवर जाळी वाळत घातली म्हणून नवनाथला रोज शाळकरी पोरासारखं झापायचे. नवनाथने एकदा चारचौघांत म्हटलं होतं, "गुर्जी, एक दिवस तुमालाच जाळ्यात घालतो." फौजदार दहिफळ्यांना एवढं पुरे होतं. त्यांना खरं तर याहून कमीही पुरतं.

नवनाथची बायको राजश्री ॲडव्होकेट महादेवी कोरे यांच्या दारात येऊन बसली. महादेवीबाईंनी पन्नाशी ओलांडली होती. तालुक्याच्या कोर्टात त्यांची उलटतपासणी म्हणजे साक्षीदाराची सोलणी, असं म्हणत. गावाबद्दल त्यांचं मत वाईट होतं आणि ते बदलायला गावाने त्यांना कधी कारणही दिलं नव्हतं.

राजश्री रडली नाही. ती म्हणाली, "सोमवारी परत कोर्टात उभं करनार हायेत. मंग बीडच्या जेलात. येकदा का गेला तर केस उभी राहास्तोर पोरी लग्नाला येतील, बाई."

हे खरं होतं. जामीन कोण राहणार? वकील कोण लावणार? निर्दोष ठरेपर्यंत नवनाथचे केस पांढरे झाले असते.

"त्यानं मारलं का?" बाईंनी विचारलं.

"त्याला मासा मारायला जिवावर येतं. टोपलीत आपोआप मरूस्तोर तिकडं बघत न्हाई."

धंद्याला इतका नालायक माणूस खुनाला काय लायक असणार, असं बाईंना वाटलं. त्यांनी चप्पल घातली.

२

पाण्याकाठची ती वाट म्हणजे गावाच्या मोठेपणाची जत्रा होती. 'जलवन आरोग्य फेरी' असं तिचं नाव. जळेश्वर महादेवाच्या टेकडीला वेढा घालून ती जायची. वाहनतळावरून निघायचं, देवळाच्या पायथ्याच्या लिंब-पळसाच्या राईतून मागे जायचं, पाण्याला लागायचं, काठाकाठाने चालत वळसा घालून पुन्हा वाहनतळावर यायचं. वाट एकच. एका अंगाला पाणी, दुसऱ्या अंगाला काटेरी तारेचं कुंपण. जागोजागी बाक होते आणि बाकांवर दात्यांची नावं इतकी मोठी, की टेकणाऱ्याची पाठ अपुरी पडावी.

अख्खी फेरी मात्र निम्मं गाव कधीच करत नसे. शेवटच्या टप्प्याआधी देवळाच्या पन्हाळीचा ओहळ वाट कापून धरणात उतरायचा. हातभर रुंद पाणी. पिंडीवरच्या झऱ्याचं, म्हणून तीर्थ. महादेवाची प्रदक्षिणा अर्धीच असते. तीर्थाचं पाणी ओलांडायचं नाही, तिथवर जायचं आणि आल्या वाटेने मागे फिरायचं. त्यामुळे शैव मंडळी ओहळाशी हात जोडत आणि वळत. बाकीचे टुणकन उडी मारून पुढे जात. गुरुजी बाकीच्यांतले. ते रोज उडी मारायचे आणि पलीकडून 'या की' म्हणून खिजवायचे.

ओहळापलीकडचा तो शेवटचा टप्पा जेमतेम शंभरेक पावलांचा. तिथेच नवनाथचा धक्का होता आणि तिथेच गुरुजी मेले.

महादेवीबाई राजश्रीबरोबर राईतून, काठाने, गुडघ्यांना शिव्या घालत ओहळापाशी आल्या. ओहळावर पळसाची चार-पाच पानं एकावर एक चढवलेली होती, सुकून कडेने वळलेली, दोन्ही टोकांना दगड. 'सहलीला येतात, खातात आणि पत्रावळ तिथंच टाकतात, उकिरड्याची अवलाद,' बाई पुटपुटल्या.

राजश्रीने उडी मारली. बाईंनी पाय उचलला आणि तो हवेतच थांबला.

त्यांनी गेल्या वीस वर्षांत उपास केला नव्हता. गळ्यातलं इष्टलिंग आईच्या भीतीने, ती गेल्यावर सवयीने. पण पाय पुढे जाईना. लहानपणी बापाने बोट धरून इथूनच शंभरदा मागे वळवलं होतं आणि ते वळण हाडात बसलं होतं. स्वतःचा भयंकर राग आला तरी त्या वळल्या. पलीकडे शंभर पावलांवर गाडी उभी होती आणि बाई ती सगळी लांब वाट परत तुडवत निघाल्या.

आणि मग सुरू झाला खरा छळ. संध्याकाळची मंडळी फेरीला निघाली होती. प्रत्येक जण समोरून येत होता. प्रत्येकाला थांबून नमस्कार, प्रत्येकाचं 'आज इकडं कुठं?', प्रत्येकाची साखर किती. एकालाही चुकवायची सोय नव्हती. एकीकडे पाणी, दुसरीकडे काटे.

एका दात्याच्या बाकापाशी त्या मध्येच उभ्या राहिल्या. दम लागला म्हणून नव्हे.

३

मागे वळणाऱ्याला मागून येणारा प्रत्येक माणूस भेटतोच. हे एवढं साधं होतं की कुणाच्या डोक्यात आलं नसावं. गावाचं डोकं साध्या गोष्टींसाठी रिकामं नसतं.

त्या सकाळी वाटेवर होते चौघे. पुढे गुरुजी आणि सिद्धारामआप्पा, जळेश्वर देवस्थानचे प्रमुख. ही जोडी रोजची, पण ओहळापर्यंतच; तिथून आप्पा मागे फिरत. बरीच मागे डॉक्टर वीरेश, दाताचे, आणि इंजिनियर सत्यम. प्रेताजवळ आधी पोचले ते हे दोघे.

नेमके हेच दोघे समोरून आले. बाईंनी त्यांना बाकावर बसवलं.

डॉक्टर वीरेश हे फेरी मंडळाचे अध्यक्ष. पावलं मोजणारं घड्याळ, कानात बोंडं, डोक्यात बाकी काही नाही. आपण फेरी पूर्ण करणारे पुरोगामी आहोत, हे त्यांनी आधी सांगितलं. त्या सकाळी कोण कोण दिसलं, असं विचारल्यावर म्हणाले, रोजचेच सगळे. म्हणजे कोण? तर रोजचेच. कानात गाणी होती, डोळे घड्याळावर होते. अध्यक्ष एकूण वाटेवर होते म्हणजे काय, तर त्यांचे बूट होते.

सत्यम मात्र बोलका निघाला. वाट त्याने आखली होती आणि ओहळाबद्दल त्याच्या मनात खोल जखम होती. "गोल फेरी आखली मॅडम मी, आणि लोक तिचा विळा करतात. पुलाचा प्रस्ताव दिला, तर आप्पा म्हणाले, तीर्थाच्या डोक्यावर सिमेंट न्हाई पडनार."

आणि गुरुजी? गुरुजींवरही त्याचा राग होता. राईच्या जागेवर देवस्थानचं मंगल कार्यालय आणि लॉन करायचं ठरत होतं. नकाशाही त्यानेच काढला होता. गुरुजींनी मात्र झाडाला मिठी मारून फोटो काढले आणि कलेक्टरकडे जायची धमकी दिली. त्या दिवशी कलेक्टर फेरीच्या उद्घाटनाला यायचेच होते.

बाईंनी सरळ विचारलं, "त्या दिवशी आप्पा तुम्हाला परत येताना भेटले?"

"भेटले की. रोज भेटतात."

"त्या दिवशी?"

"हो मॅडम. राईच्या वळणावर. पांढरं धोतर, पांढरा सदरा. हात जोडले त्यांनी, मी जोडले."

बाईंचा फुगा फुटला. आप्पा परत फिरले होते, भेटले होते, म्हणजे ओहळ ओलांडून गुरुजींच्या मागे गेलेच नव्हते. मग ओहळापलीकडे गुरुजी आणि नवनाथ, दोघंच उरले. फौजदार दहिफळे बरोबर आहेत, ही शक्यता बाईंना खुनापेक्षा जास्त झोंबली.

४

सिद्धारामआप्पा आडत दुकानाच्या गादीवर बसलेले. कपाळी भस्माचे तीन पट्टे, गळ्यात चांदीची लिंगपेटी, बोलणं सायीसारखं. महादेवीला त्यांनी लहानपणी खांद्यावर बसवलं होतं. वडिलांचे ते जिवलग.

त्यांनी तिला बसवलं, चहा सांगितला, नवनाथच्या पोरींचं वाईट वाटतं म्हणाले. घरात धान्य पाठवू का, असंही विचारलं. त्या सकाळचं सगळं न विचारता सांगितलं. ओहळापर्यंत सोबत होतो. गुरुजी रोजच्यासारखे उडी मारून गेले. आपण हात जोडले आणि मागे फिरलो. "पुढचं मला कसं कळनार, महादेवी? साठ वर्सं झाली, ते पानी म्या ओलांडलं न्हाई."

हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. फौजदारांच्या कागदावर आप्पांचं नाव संशयितांत नव्हतं ते यामुळेच. प्रेत ओहळापलीकडे, आप्पा ओहळापलीकडे जात नाहीत, संपलं. सूर्य पश्चिमेला उगवेल, पण आप्पा ते पाणी ओलांडणार नाहीत. खुद्द बाईंनाही हे पटलेलं होतं. त्यांचा स्वतःचा पायही कालच अडला होता.

तिथून त्या देवळाच्या दारात बेल-फुलं विकणाऱ्या छबुबाईकडे गेल्या. तिला गुरुजींबद्दल विचारायचं होतं. छबुबाई मात्र आप्पांवरच बोलू लागली आणि पदर तोंडात धरून हसू लागली. उद्घाटनाच्या फोटोसाठी फेरी मंडळाने सगळ्यांना एकसारखे शर्ट वाटले होते. पोपटी. छातीवर मोठं पाऊल. सकाळी आप्पा आणि गुरुजी दर्शनाला आले ते ते शर्ट घालूनच.

"धोतरावर, बाई! पोपट भस्म लावून आलाय जनू. म्या हसले तर आप्पा म्हनले, काय करता छबू, डाक्टरनं कावून आनले काय म्हाईत, पर फोटो काढायचा हाय."

"पोपटी. नक्की त्याच दिवशी?"

"आवं, शर्ट वाटलेच त्या दिवसासाटी. नंतर प्रेत बघायला आले तवा पांढऱ्यात होते. सुतकाला पोपटी बरं दिसत न्हाई, म्हनून बदलून आले आसतील."

बाई पायरीवर बसल्या.

सत्यम खोटं बोलला नव्हता. खोटं बोलायला थोडी अक्कल लागते. रोज आप्पा भेटतात, म्हणून त्या दिवशीही भेटले, असं त्याच्या डोक्याने परस्पर ठरवून टाकलं होतं. पांढरं धोतर, पांढरा सदरा, जोडलेले हात: ती रोजची आठवण होती, त्या दिवशीची नव्हे. धोतरावर पोपटी शर्ट घातलेले आप्पा अरुंद वाटेवर समोरून आले असते, तर सत्यमने तो देखावा मरेपर्यंत सांगितला असता.

म्हणजे आप्पा त्या वाटेने परत आलेच नाहीत. आणि वाट तर दुसरी नव्हती.

पण मग पाणी? साठ वर्षं न ओलांडलेलं पाणी?

आत गाभाऱ्यात कुणीतरी पिंडीवर बेल वाहत होतं. बेलाखाली पाणी वाहत होतं. बाईंना एकदम बापाचा आवाज आठवला. शिवरात्रीच्या गर्दीत मागे वळायला जागा नसली की तो म्हणायचा, शास्त्राने सोय ठेवली आहे पोरी. गवत, काडी, पान किंवा दगड आड घातला, पाणी झाकलं, की ओलांडल्याचा दोष लागत नाही.

पळसाची पानं. दोन्ही टोकांना दगड.

त्या इतक्या घाईने उठल्या की छबुबाईची परडी लवंडली.

५

रविवारी देवळाच्या मंडपात गुरुजींची शोकसभा होती. शोक कमी आणि सभा जास्त. डॉक्टर वीरेश यांनी गुरुजींच्या रोजच्या पावलांची सरासरी सांगितली. सत्यमने शेवटच्या टप्प्याला गुरुजींचं नाव द्यायची सूचना मांडली. काल त्यांना खडूस म्हणणारे आज त्यांना वटवृक्ष म्हणत होते. फौजदार दहिफळे पहिल्या रांगेत पेंगत होते. आप्पा अध्यक्षस्थानी, शुभ्र.

महादेवीबाईंकडे पुरावा म्हणावा असा काहीच नव्हता. छबुबाईचं हसणं आणि सुकलेली पानं घेऊन कोर्टात गेलं तर कोर्टही हसलं असतं. आणि नवनाथचा सोमवार उद्यावर आला होता. हाताशी होती फक्त एक गोष्ट: या माणसाला त्या आतून ओळखत होत्या, कारण त्याच घडणीच्या घरात वाढल्या होत्या.

त्या उभ्या राहिल्या. आधी त्यांनी सत्यमला विचारलं, आप्पा भेटले तेव्हा पोपटी शर्ट त्यांना कसा दिसत होता? सत्यमने डॉक्टरांकडे पाहिलं. मग चाचरत कबूल केलं, की पोपटी शर्टातले आप्पा त्याने पाहिलेच नाहीत. डॉक्टरांनीही नाही. मंडपात कुजबुज झाली.

खुनाबद्दल बाई एक शब्द बोलल्या नाहीत. त्यांनी आवाज चढवला तो वेगळ्याच गोष्टीवर.

"म्हणजे आप्पा परत फिरले नाहीत, मंडळी. ओहळ ओलांडून गेले. आमच्या बापजाद्यांनी जे पाणी ओलांडलं नाही, ते देवस्थानच्या प्रमुखांनी चपलेसकट तुडवलं. गुरुजी निदान उघड उडी मारत होते. हे सगळ्यांना परत फिरवतात आणि कुणी बघत नसलं की स्वतः तीर्थात पाय बुडवतात. यांच्या हातचा अंगारा आपण लावतो!"

शैव मंडळींच्या रांगांतून गलका उठला. खून राहिला बाजूला; एक म्हातारा काठी आपटत विचारू लागला, आप्पा, हे खरं हाय का? आप्पांचा चेहरा भस्माच्या रंगाचा झाला. एवढं आयुष्य ज्याच्यावर उभं केलं, तेच कुणीतरी खालून उपसत होतं.

ते ताडकन उठले. "तोंड सांभाळ, महादेवी. तीर्थाला माझा पाय लागला न्हाई. पानं आंथरून, दगड ठिवून, मंत्र म्हनून गेलतो मी. शास्त्रात सोय हाय. दोष लागत न्हाई."

फौजदार दहिफळे जागे झाले.

आप्पांनाही स्वतःचं वाक्य ऐकू आलं असावं, पण उशिरा.

बाई आता हळू बोलल्या. "रागाच्या भरात दगड घातलात असं तुमचा वकील म्हणेल, आप्पा. मीही म्हटलं असतं. पण राग आलेला माणूस उडी मारतो. तुम्ही पळसाची पानं तोडलीत, नीट अंथरलीत, दगड ठेवलेत. गुरुजी धक्क्यावर नवनाथच्या जाळ्यांवर ओरडत पाठमोरे उभे होते, तेवढा वेळ तुम्हाला होता. माणूस मारायच्या दोषाची तुम्हाला फिकीर नव्हती. पाण्याचा लागू नये एवढीच काळजी होती."

आप्पा खाली बसले. राई जाऊ नये म्हणून गुरुजी त्या दिवशी कलेक्टरसमोर उभे राहणार होते. राई देवाची, आणि देव म्हणजे आपण, असा आप्पांचा साठ वर्षांचा हिशेब. त्यांनी तो फौजदारांना शांतपणे सांगितला. पोपटी शर्ट सुनेने बादलीत भिजत घातला होता. डाग कसला, हे तिने विचारलं नव्हतं. त्या घरात सुना विचारत नसत.

६

पोलिसांनी कोर्टात अर्ज दिला आणि सोमवारी दुपारी नवनाथ सुटला. गावाला मात्र त्यात रस उरला नव्हता. चहाच्या टपरीपासून वकिलांच्या खोलीपर्यंत वाद एकच: पानं उलटी अंथरली होती की सुलटी, कारण सुलटी असतील तर दोष लागतो म्हणे. दोन गट पडले. महादेवीबाईंना दोन्ही गटांनी निवाड्यासाठी विचारलं आणि त्यांनी दोघांनाही जे उत्तर दिलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

नवनाथ कोर्टाच्या पायऱ्या उतरून आला. दाढी वाढलेली, डोळे आत गेलेले. राजश्री समोर उभी. बाई जरा लांब थांबल्या. आता ही बाई गळ्यात पडणार, तो पाया पडणार, आणि आपल्याला कसनुसं होणार, असं त्यांना वाटलं.

नवनाथने विचारलं, "जाळी?"

"काढली."

"कोनी?"

"म्या."

"तुला तराफा हाकायला येत न्हाई."

"दोनदा पडले. मंग आलं." राजश्रीने त्याच्या शर्टाची कॉलर नीट केली, पोरांची करतात तशी. "पोरींची फी भरली. मासे जित्ते होते, बगून कसंतरी झालं, पर इकले. तू बसला असतास त्यांच्यासंगं रडत."

नवनाथ हसला. मग त्याला ते आवरेना. हसता हसता तो पायरीवर बसला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून रडला. राजश्री त्याच्या शेजारी बसून राहिली, रस्त्याकडे बघत, कुणी बघतंय का याची जराही पर्वा न करता.

महादेवीबाईंना खूप वेळ काही टोचून बोलायला सुचलं नाही. शेवटी फौजदार दहिफळे हसत अभिनंदनाला आले, तेव्हा कुठे त्यांना हायसं वाटलं.